बाभळीचं नाव कोणाकडे गेलं?

गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीतला झाडांचा तक्ता भरायचा होता. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी अशी नोंदवही तयार होते. हद्दीत कोणती झाडं, पाखरं, मासे, पिकं आहेत, गावात त्यांना काय म्हणतात, ती कशाला उपयोगी पडतात, हे गावकऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं असतं. देवळाच्या ओट्यावर आम्ही चार-पाच जण बसलो होतो. शेळ्या राखण्यात हयात गेलेल्या एका आजोबांनी स्थानिक नावांचा रकाना तासाभरात भरून दिला: बाभूळ, रामकाठी, हिवर, खैर, शमी, वेडी बाभूळ, सुबाभूळ आणि तळ्याकडेला वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ.

शास्त्रीय नावांचा रकाना माझ्याकडे आणि बी.एस्सी.ला असलेल्या गावातल्याच एका मुलीकडे आला. बाभळीपुढे तिनं आठवणीनं ‘अकेशिया निलोटिका’ लिहिलं. मग मोबाइलवर ताडून पाहिलं आणि थबकली. तिथं ‘व्हॅचेलिया निलोटिका’ होतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’ मात्र जसंच्या तसं.

“सर, म्हणजे आपली बाभूळ अकेशिया नाही, आणि ती बाहेरून आलेली आहे?”

आजोबांना शास्त्रीय नावाशी देणंघेणं नव्हतं, पण त्यांनी विचारलं ते मला आजही आठवतं. “आमच्या बाभळीनं काय केलं म्हणून तिचं नाव काढलं?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. हे लिहिणं म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

नाव मुळात कोणाचं होतं

शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. ‘अकेशिया’ हा शब्द प्राचीन ग्रीकांनी इजिप्तमधल्या एका काटेरी झाडासाठी वापरला, आणि त्याची मुळं काट्याच्या टोकाला असलेल्या ग्रीक शब्दाकडे नेतात. नाईलकाठचं ते झाड म्हणजे आपली बाभूळच. ‘निलोटिका’ म्हणजे नाईलची. एकच जाती आफ्रिकेपासून अरबस्तान, सिंध ओलांडून दख्खनच्या काळ्या रानापर्यंत पसरलेली आहे.

1753 मध्ये स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं तिला लाजाळूच्या वंशात घातलं, ‘मिमोसा निलोटिका’ म्हणून. पुढच्याच वर्षी, 1754 मध्ये, फिलिप मिलरनं अकेशिया हा स्वतंत्र वंश मांडला. त्यानंतर हे झाड ‘अकेशिया अरेबिका’ म्हणूनही गाजलं. जुन्या आयुर्वेदाच्या आणि शेतीच्या पुस्तकांत तुम्हाला हेच नाव सापडेल. पण ‘निलोटिका’ हे जातिनाम आधीचं, म्हणून नियमानं तेच टिकलं. वनस्पतींच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय नियमावली, म्हणजे संहिता, तिचा हा पहिला कणा: जे नाव आधी रीतसर छापलं गेलं, ते खरं.

दुसरा कणा नमुन्याचा. प्रत्येक वंशाचं नाव एका ठरावीक जातीला खिळ्यानं ठोकल्यासारखं जोडलेलं असतं. पुढे वंश फुटला, त्याचे चार तुकडे झाले, तर ती नमुना-जाती ज्या तुकड्यात जाईल, तिथंच जुनं नाव जातं. उरलेल्यांनी नवी नावं घ्यायची. अकेशियाची नमुना-जाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमली गेली, आणि ती होती बाभूळ. थोडक्यात, कागदोपत्री हे घराणं बाभळीच्या नावावर होतं.

मोठ्ठं एकत्र कुटुंब

एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बेंथम या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं अकेशियाची व्याख्या आखून दिली. फुलात पुष्कळ पुंकेसर आणि ते एकमेकांपासून सुटे, तर झाड अकेशिया. पुंकेसर बुडाशी जोडलेले असतील, तर ते शिरीषाच्या गोटातलं. खूण सोपी आणि भिंगाखाली लगेच दिसणारी होती, म्हणून ती टिकली. पण तिनं फार मोठा गोतावळा एका छपराखाली आणला. शेवटी शेवटी या वंशात साडेतेराशेहून जास्त जाती होत्या. त्यातल्या जवळपास हजार ऑस्ट्रेलियाच्या, आणि उरलेल्या आफ्रिका, आशिया, अमेरिकेतल्या.

ऑस्ट्रेलियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी या झाडांना ‘वॉटल’ म्हटलं. वॉटल म्हणजे काटक्या विणून माती लिंपलेली भिंत, आपला कुड. तिथं या झाडांच्या लवचिक फांद्यांचे कुड घालत. आज गोल्डन वॉटल हे त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे आणि 1 सप्टेंबरला तिथं वॉटल दिवस साजरा होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या भांडणात दुसऱ्या बाजूचा जीवही या नावात अडकला होता, हे विसरून चालणार नाही.

काटा कुठून उगवतो

हे घराणं एक नव्हतंच, हे प्रयोगशाळेत न जाताही दिसतं. मी मुलांना रानात नेतो तेव्हा फुलांपासून नव्हे, काट्यापासून सुरुवात करतो.

बाभळीची डहाळी हातात घ्या. पांढरट, सरळ, सुईसारखे काटे जोडीनं येतात, आणि ती जोडी अगदी पानाच्या बुंध्याशी, दोन बाजूंना असते. ते काटे म्हणजे पानाशेजारची उपपर्णे. पानाचाच तो भाग कडक होऊन टोकदार झाला आहे. हिवराचंही तसंच. साल पांढुरकी, फुलांचे गोळे पिवळे नसून मलईच्या रंगाचे, पण काटा त्याच जातकुळीचा. रामकाठी तर बाभळीचीच उपजाती आहे. फांद्या पसरण्याऐवजी खोडाला धरून सरळ वर जातात, म्हणून बांधावर शेतकऱ्याला ती आवडते, पिकावर सावली कमी पडते.

आता खैराची डहाळी घ्या. काटा आखूड, वाकडा, मांजराच्या नखासारखा, आणि तो पानाच्या बुंध्याच्या किंचित खाली. हे उपपर्ण नव्हे, सालीतून फुटलेला आकडा आहे. शिकेकाईच्या वेलाला असे आकडे खोडभर विखुरलेले असतात आणि त्यांच्याच आधारानं तो दुसऱ्या झाडांवर चढतो. शिकेकाई तोडायला गेलेल्या बाईला विचारा, बाभळीचा काटा रुततो आणि शिकेकाईचा ओढतो, हा फरक तिचं मनगट सांगेल. फुलंही पाहा. बाभळीला पिवळेधमक लोकरीसारखे गोल गोंडे, खैराला फिकट पिवळे लांब तुरे.

मग तळ्याकाठची ऑस्ट्रेलियन बाभूळ. काटा नाहीच. आणि ज्याला आपण तिचं पान म्हणतो, ते कोयत्यासारखं वाकलेलं, चिवट, उभ्या शिरांचं हिरवं पातं मुळात पान नव्हे. तो पानाचा देठ आहे. बारीक पर्णिका गळून गेल्या आणि देठच चपटा होऊन पानाचं काम करू लागला. मी म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका. वळलेल्या शेंगेतलं काळं बी काढा, त्यावर गरम पाणी ओता, रात्रभर भिजू द्या आणि कुंडीत टाका. रोप उगवलं की पहिली एक-दोन पानं बाभळीसारखी, पिसासारखी चिरलेली येतील. मग पुढच्या पानांचे देठ रुंद होत जातील, पर्णिका कमी होत जातील, आणि काही आठवड्यांत नुसती पाती उरतील. वर्गातल्या खिडकीत हे रोप वाढताना ज्या मुलानं पाहिलं, त्याला वर्गीकरण म्हणजे पाठांतर वाटत नाही.

म्हणजे तीन वेगळ्या तऱ्हा. बेंथमच्या काळीही त्या दिसत होत्याच, पण एका वंशातले गट म्हणून. ऑस्ट्रेलियातले वनस्पतिशास्त्रज्ञ लेस पेडली यांनी 1986 मध्ये सरळ म्हटलं, हे तीन वंश करा: अकेशिया, सेनेगालिया आणि रॅकोस्पर्मा. त्यात ऑस्ट्रेलियाची बहुतेक सगळी झाडं रॅकोस्पर्मात जात होती. तेव्हा त्यांच्याच देशात ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

मग डीएनए वाचणं सोपं झालं. 2000 च्या आसपासच्या अभ्यासांतून जे आलं, त्यानं एकत्र कुटुंबाची कल्पनाच मोडली. ऑस्ट्रेलियाची वॉटल मंडळी बाभळीपेक्षा शिरीषाच्या गोतावळ्याला जास्त जवळची निघाली. बाभळीचा गट वेगळा, खैराचा वेगळा, शिवाय अमेरिकेतले दोन लहान गट आणखी वेगळे. पुंकेसर सुटे असणं ही नात्याची खूण नव्हतीच. ज्यांचा पूर्वज एक, त्यांचाच एक वंश, हा आजच्या वर्गीकरणाचा पाया आहे. तो मानला की अकेशियाची वाटणी अटळ होती. इथवर कोणाचा वाद नव्हता.

इथं एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षं बाभूळ, खैर आणि शिकेकाईला एक आडनाव लावलं. मराठीनं कधीच लावलं नाही. खैराला कोणी ‘खैर बाभूळ’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. खैर म्हणजे कात, आणि कात करणारे ते कातकरी. शिकेकाई केसांची. बाभूळ औताची, बैलगाडीच्या चाकाची, दातणाची, डिंकाची. तिच्या सालीनं कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी चप्पल. प्रत्येकाचं नाव वेगळं, कारण प्रत्येकाशी व्यवहार वेगळा. पण याचा फार अभिमानही नको. याच मराठीनं मेक्सिकोकडून आलेल्या दुसऱ्याच वंशाच्या झाडाला सुबाभूळ म्हटलं, दक्षिण अमेरिकेकडच्या तिसऱ्याला वेडी बाभूळ, आणि तीही नावं जिल्ह्याजिल्ह्याला बदलतात. शेंगा येतात, बारीक पानं असतात, शेळ्या खातात, म्हणून बाभूळ. लोकांची नावं उपयोगाचा माग ठेवतात आणि शास्त्राची नावं रक्ताचा.

वाटणी आणि मतदान

घर वाटलं की प्रश्न येतो, पाटी कोणाच्या दारावर राहणार. नियम स्पष्ट होता. नमुना-जाती बाभूळ, म्हणून अकेशिया हे नाव बाभळीच्या गटाकडे. त्या गटात जाती सुमारे 160. खैराचा गट सुमारे 200 जातींचा, तो सेनेगालिया होणार. आणि ऑस्ट्रेलियाच्या हजारभर जाती रॅकोस्पर्मा.

2003 मध्ये टोनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन या ऑस्ट्रेलियातल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रस्ताव मांडला: नमुना-जाती बदला. बाभळीऐवजी ‘अकेशिया पेनिनर्व्हिस’ ही ऑस्ट्रेलियन जाती नमुना माना, म्हणजे नाव तिकडे राहील आणि हजार नावं बदलावी लागणार नाहीत. संहितेत अशी सोय आहे. नियम अक्षरशः पाळल्यानं मोठा गोंधळ होणार असेल, तर नावाचं संरक्षण करता येतं. प्रस्ताव बेकायदा नव्हता, आणि तर्कही पोकळ नव्हता. खैराचं नाव दोन्हीकडून बदलणारच होतं. खरा प्रश्न एवढाच होता, 160 नावं बदलायची की हजार.

पण जाती मोजणं हे एकच माप आहे का? बाभळीचा गट आफ्रिका, आशिया आणि अमेरिका अशा तीन खंडांवर पसरलेला. पसरट छत्रीसारखी ती आफ्रिकन झाडं, ज्यांच्याखाली जिराफ उभा असल्याचं चित्र जगभरच्या पोरांना माहीत आहे, ती याच गटातली. ज्यांच्या रोजच्या जगण्यात ही झाडं आहेत, अशी माणसं किती? ही मोजणी प्रस्तावात नव्हती. आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी कडाडून विरोध केला.

संबंधित समितीत प्रस्ताव 9 विरुद्ध 6 मतांनी पुढे गेला. तिथून वरच्या समितीची शिफारस घेऊन तो 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत आला. तिथं जे झालं ते सावकाश वाचा. प्रस्तावाच्या बाजूनं 203 मतं पडली, विरोधात 247. म्हणजे जवळपास 55 टक्के लोकांना हा बदल नको होता. पण प्रश्न असा धरला गेला की समितीची शिफारस फेटाळायला 60 टक्के मतं लागतील. ती पडली नाहीत, म्हणून शिफारस कायम. बहुमत विरोधात असूनही प्रस्ताव मंजूर झाला.

समिती महिनोन् महिने पुरावा तपासते, तिचा निर्णय सभेतल्या एका लाटेनं उलटू नये, म्हणून मोठी अट असते, हे मला समजतं. पण अटीची धार कोणत्या बाजूला ठेवायची, यावर निकाल ठरत असेल, तर ते मतदानाआधी सगळ्यांना लख्ख कळायला हवं. पुढची सहा वर्षं वाद याच मुद्द्यावर पेटत राहिला. 2011 ची परिषद नेमकी मेलबर्नला, म्हणजे ऑस्ट्रेलियातच होती. मधला मार्ग काढण्याचे प्रस्ताव तिथं आले, टिकले नाहीत. व्हिएन्नाचा निर्णय 373 विरुद्ध 172 मतांनी कायम झाला. या वेळी बहुमत स्वच्छ होतं आणि प्रकरण मिटलं.

बाभळीच्या गटाला नवं नाव शोधावं लागलं नाही, एक जुनं पडून होतं. 1834 मध्ये रॉबर्ट वाइट आणि वॉकर-आर्नोट यांनी भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात याच गटातल्या देवबाभळीसाठी व्हॅचेलिया हा वंश मांडला होता. मकाव इथल्या इंग्रज कंपनीच्या वखारीत धर्मोपदेशक असलेले आणि चीनमध्ये वनस्पती गोळा करणारे जॉर्ज व्हॅचेल यांच्यावरून ते नाव. तेव्हा ते कोणी फारसं उचललं नाही. पावणेदोनशे वर्षांनी तेच कामी आलं, आणि 2008 मध्ये ‘व्हॅचेलिया निलोटिका’ हे नाव रीतसर छापलं गेलं.

काट्याचं नाव बिनकाट्याच्या झाडांकडे गेलं, आणि नाईलकाठच्या झाडाला एका धर्मोपदेशकाचं आडनाव लागलं. एक तपशील आणखी खुपतो. हीच आपली बाभूळ सावलीसाठी ऑस्ट्रेलियात नेली गेली. आज क्वीन्सलंडच्या गवताळ माळांवर ती लाखो हेक्टर पसरली आहे आणि तिथल्या सरकारी यादीत राष्ट्रीय महत्त्वाचं तण म्हणून नोंदली आहे. तिथले पशुपालक इंग्रजीत तिला अजूनही काटेरी अकेशियाच म्हणतात. आपल्याकडे उलटं झालं. कोकणातल्या कातळावर, गोव्यातल्या खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, आणि अकेशिया हे नाव कायद्यानं आता तिचंच आहे.

शमीच्या बाबतीत उलट झालं

या निकालाबद्दल माझं मत बनलं ते दुसऱ्या एका वाटणीमुळे. वेडी बाभूळ आणि शमी अलीकडेपर्यंत एकाच वंशात होत्या: प्रोसोपिस. या वंशाचीही तीच कथा. बहुतेक जाती अमेरिकेच्या, मोजक्या जुन्या जगातल्या, आणि डीएनएनं दाखवलं की तो एक वंश नाही. 2022 मध्ये वाटणी झाली. इथंही नमुना-जाती आपल्याकडची, शमी. इथंही तिच्या गटात अगदी थोड्या जाती उरत होत्या, अवघ्या तीन, आणि समोर अमेरिकेतल्या चाळीसहून जास्त. पण नियम जसा आहे तसा लावला गेला. प्रोसोपिस हे नाव शमीकडे राहिलं आणि वेडी बाभूळ झाली ‘नेल्टुमा जुलिफ्लोरा’. जिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रं ठेवली असं आपण दसऱ्याला सांगतो, त्या झाडाची पाटी जागेवर राहिली. वेड्या बाभळीवर जगभर ढिगानं लिखाण आहे, सरपण म्हणून, तण म्हणून. ते सगळं नव्या नावाशी जुळवून घेतं आहे. काही आभाळ कोसळलं नाही.

म्हणून मला वाटतं, अकेशियाच्या बाबतीतही नियमाला हात लावायला नको होता. हजार नावं बदलली असती, दहा-पंधरा वर्षं त्रास झाला असता, आणि मग सवय झाली असती. नमुन्याच्या नियमाची सगळी किंमत यात आहे की तो कोणाचा देश मोठा, कोणाच्या जाती जास्त, हे विचारत नाही. पण 2011 नंतर मी ‘अकेशिया निलोटिका’ हट्टानं लिहीत बसणार नाही. नाव सगळ्यांनी एकच वापरलं तरच ते नाव. मत नोंदवावं आणि संहिता पाळावी.

मुलांना मात्र एक फरक कळलाच पाहिजे. बाभूळ आणि वॉटल यांचं नातं लांबचं आहे, हा शोध आहे. तो पुराव्यानं लागला, आणि उद्या पुरावा बदलला तर बदलेल. अकेशिया हा शब्द कोणाला मिळाला, हा ठराव आहे, तो हात वर करून झाला. पाठ्यपुस्तकं या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबतात आणि मग मुलांना वाटतं, शास्त्रज्ञ उगाच नावं बदलत बसतात.

नोंदवहीत काय लिहिलं

वनस्पतिसंग्रहालयात एक सुंदर रीत आहे. सुकवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्याचं नाव बदललं, तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत. तिच्या शेजारी नवी चिठ्ठी लावतात, त्यावर नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि तारीख. एखाद्या जुन्या नमुन्यावर अशा तीन-चार चिठ्ठ्या असतात आणि झाडाचा सगळा फेरफार एका कागदावर वाचता येतो.

आम्ही तेच केलं. शास्त्रीय नावाच्या रकान्यात त्या मुलीनं आधी आजचं नाव लिहिलं, खाली कंसात जुनं. बाभूळ: व्हॅचेलिया निलोटिका (अकेशिया निलोटिका, अकेशिया अरेबिका). हिवर: व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया. खैर: सेनेगालिया कॅटेच्यू. शमी: प्रोसोपिस सिनेरारिया. वेडी बाभूळ: नेल्टुमा जुलिफ्लोरा (प्रोसोपिस जुलिफ्लोरा). जुनं नाव ठेवणं ही हौस नव्हे. बाभळीच्या डिंकावर, लाकडावर, औषधावर गेल्या शंभर वर्षांत जे लिहिलं गेलं, ते सगळं जुन्या नावाखाली आहे. ते पुसलं तर या नोंदीपासून त्या माहितीपर्यंत जायची वाट बंद होते.

आजोबांना मी सगळं सांगितलं. मतदानाची गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली. जास्त मतं विरोधात पडूनही ठराव पास कसा झाला, हे त्यांना पटलं नाही. मग त्यांनी उपयोगाचा रकाना आपल्याकडे ओढला आणि सांगायला लागले, “लिहा. शेंगा शेळीला. पाला उन्हाळ्यात. रामकाठी बांधाला. वेडीच्या फक्त शेंगा, पाल्याला शेळी तोंड लावत नाही.” मुलगी लिहीत होती. रकान्यातली जागा संपली, तेव्हा तिनं मागचं पान उलटलं.